दिवसा परकोट, रात्री नाटक

चंद्रपूरला गेलात तर परकोटाच्या जटपुरा गेटखाली क्षणभर थांबा. ऑटोच्या गर्दीतून मान वर केली की हत्तीवर झेपावणारा सिंह दिसतो. ही गोंडराजांची खूण. पुढे अंचलेश्वर मंदिराशेजारी राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी आहे. बायकोने नवऱ्यासाठी उभारलेली, म्हणून मला ती ताजमहालाहून जवळची वाटते.

संध्याकाळी गोंदियाकडची गाडी पकडून वडसा गाठा. दिवाळीनंतर इथे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम. २०२३ साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. मंडईची जत्रा किंवा शंकरपटाची बैलशर्यत असलेल्या गावात रात्री उशिरा पडदा वर जातो, तो उजाडेपर्यंत. लावणी, विनोद, रडारड, सगळं एकाच तिकिटात. चादर मात्र न्या. पहाटे धानाच्या बांध्यांवरून बोचरं वारं येतं.