दक्षिण कोरियाच्या भूमीला पाय न लावता
(पाथरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



हेलिकॉप्टर ही आज पाथरीतील शाळकरी मुलालाही नवलाची वस्तू राहिलेली नाही. निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांना घेऊन ते उतरते आणि कुठे पूर आला की मदतीला धावते. परंतु १९५३ साली भारतीय वायुसेनेच्या ताफ्यात एकही हेलिकॉप्टर नव्हते. सिकोर्स्की एस-५५ जातीचे पहिले हेलिकॉप्टर आपल्याकडे आले ते १९५४ मध्ये. त्याच्या काही महिने आधी सुमारे सहा हजारांचे एक भारतीय दल परमुलखात, थेट समुद्रावरून, हेलिकॉप्टरने उड्डाण करून आपल्या कामगिरीवर रुजू झाले. त्यांतील बहुतेकांचा तो पहिलाच हेलिकॉप्टर प्रवास असणार, हे सांगावयास नकोच. या दलाचे सेनापती होते कोल्हापूरच्या मातीतील मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

हा प्रवास हौसेचा नव्हता. त्यामागे एक अवमान होता. २७ जुलै १९५३ रोजी कोरियातील युद्ध थांबले. पण हजारो युद्धकैदी मायदेशी परतण्यास तयार नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैदी होते. कम्युनिस्टांच्या बाजूकडे साडेतीनशेंच्या वर. त्यांना सांभाळावे आणि प्रत्येकाला आपला निर्णय निर्भयपणे घेता यावा, यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या. कैद्यांच्या प्रत्यक्ष रक्षणाचे काम एकट्या भारतीय सैन्याकडे आले आणि ते जनरल थोरातांवर सोपविण्यात आले.

दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना भारताची तटस्थता मान्य नव्हती. भारतीय सैनिकाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही, असे त्यांनी बजावले. शांततेसाठी आलेल्या सैन्याला बंदरातच दार बंद! मग मार्ग काढला गेला. इंचॉन बंदरात आलेल्या आपल्या जवानांना अमेरिकन विमानवाहू नौकेवर नेण्यात आले आणि तेथून हेलिकॉप्टरने दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. एका खेपेत जेमतेम आठ-दहा जवान मावत. सहा हजारांच्या दलाला किती शेकडो फेऱ्या लागल्या असतील, याचा हिशेब श्रोत्यांनी मनातल्या मनात करावा.

त्या जवानाचे मन डोळ्यांसमोर आणून पाहावे. कोणी नांगर सोडून फौजेत आलेला, कोणी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाची जंगले तुडवलेला. पंख नसलेले यंत्र सरळ वर उचलले जाते, खाली समुद्र दिसतो, पुढे ज्यांनी उंबरठ्यावरच अडविले त्यांचा मुलूख दिसतो. राग येणे स्वाभाविक होते. पण सैनिकाने शिस्त सोडली नाही. अपमानाला त्याने शब्दाने उत्तर दिले नाही, कामाने दिले.

या कामाची कसोटी लवकरच लागली. सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला तारेच्या कुंपणाआड ओढून नेले. बाहेर सशस्त्र जवान होते; एक आदेश सुटता तर रक्ताचा सडा पडला असता, आणि कदाचित पहिला बळी ग्रेवाल यांचाच गेला असता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत शिरले. खवळलेल्या जमावाशी शांतपणे बोलले. वातावरण निवळले आणि मेजर ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. या धैर्याबद्दल थोरातांना अशोक चक्र, वर्ग दुसरा, म्हणजे आजचे कीर्ती चक्र, प्रदान करण्यात आले. हा भित्र्याचा संयम नव्हे. १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगाव येथे जपान्यांशी झालेल्या घनघोर लढाईत डी.एस.ओ. मिळविलेल्या योद्ध्याचा तो संयम होता. शस्त्र चालविणे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते म्यान ठेवले तर त्याला अर्थ असतो.

मराठवाड्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना निजामाच्या राज्यात शिरली आणि १७ सप्टेंबरला येथल्या माणसाने मोकळा श्वास घेतला. सैन्य वेळेवर आले नाही तर काय होते आणि आले तर काय होते, हे रझाकारांचा जाच सोसलेल्या पिढीने अनुभवले आहे. येथे मुक्तिदाते म्हणून आलेल्या त्याच सेनेने पाच वर्षांनी कोरियात शत्रू-मित्र न पाहता परक्या कैद्यांचे रक्षण केले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र बोचणारा आहे. जगाने कोरियातील कामगिरीची वाखाणणी केली, दिल्लीनेही केली. पुढे हेच थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ या नावाने सराव आखून, चीनचे आक्रमण झाल्यास ईशान्य सीमेवर आपले बळ किती अपुरे पडेल, हे त्यांनी दाखवून दिले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्या इशाऱ्याकडे लक्ष दिले नाही. १९६१ साली थोरात निवृत्त झाले आणि १९६२ च्या ऑक्टोबरात त्यांची भीती खरी ठरली. परदेशातील शांततेसाठी ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याचाच शब्द स्वतःच्या सीमेसाठी ऐकला गेला नाही. त्याची किंमत हिमालयातील बर्फात उणे गणवेशावर उभ्या असलेल्या जवानांनी चुकविली.

म्हणून पाथरीच्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. जवानाला हारतुरे घालणे सोपे असते. तो सीमेवरून जे सांगतो, ते ऐकण्याची सवय राष्ट्राला लागली पाहिजे. राज्यकर्त्यांना ते ऐकायला लावणारा जागरूक समाज दिल्लीत घडत नाही. तो पाथरीसारख्या गावागावांतूनच घडतो. ते काम आपले आहे.

भारत माता की जय!