उसावरचा केवडा : पिवळं पान काय सांगतं?



घोडच्या कालव्यावरचं शिरूर असो की खडकवासल्याच्या कालव्यावरचं दौंड, उन्हाळा आला की खोडव्यात ठिकठिकाणी केवडा दिसू लागतो. आपण म्हणतो, ऊस उपाशी आहे, आणि युरियाचं पोतं फोडतो. पैसा जातो, पिवळेपणा मात्र तसाच राहतो. असं का होतं?

युरियातलं नत्र पिकात फिरतं असतं. ते कमी पडलं, तर जुन्या पानांतून कोवळ्या पानांकडे जातं. म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते जुन्या पानांतच अडकून राहतं. म्हणून शेंड्याची पानं आधी पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुखणं वाढलं की पान पांढरं पडतं.

आता शास्त्रज्ञ लेसर किरणानं हेच प्रत्यक्ष पाहू शकतात. वाळवलेल्या पानावर बारीक किरण सोडला की सुईच्या टोकाहून लहान ठिपका उडतो. ती धूळ वायूबरोबर यंत्रात जाते आणि तिथं एकेक मूलद्रव्य वजनावरून ओळखलं जातं. असे ठिपक्याला ठिपका जोडून, गटाच्या नकाशासारखा पानाचा रंगीत नकाशा तयार होतो. लोह कुठं, जस्त कुठं, हे त्यात दिसतं.

हे यंत्र आपल्या बांधावर येणार नाही; पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. मूलद्रव्य नुसतं असून भागत नाही, ते जागेवर पोहोचावं लागतं. आपली काळी माती लोहानं भरलेल्या खडकापासूनच झाली आहे. परंतु चुनखडीच्या, सामू ८ च्या वर गेलेल्या जमिनीत ते मुळांना मिळत नाही. त्यात पाणी साचलं की दुखणं बळावतं.

तेव्हा असं करा :

१) पाणी बेतानं द्या, साचलेलं चर काढून बाहेर काढा.

२) १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून सकाळी किंवा सायंकाळी फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारणी करा.

३) एकरी १० किलो फेरस सल्फेट १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा. ओलसर ठेवून पाच-सहा दिवस सावलीत मुरवा, मग मुळांजवळ देऊन मातीनं झाका.

४) माती तपासून घ्या. लोह ४.५ पीपीएमपेक्षा आणि जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी आलं, तर ते कमी समजावं.

नमुना घेताना केवड्याची जागा आणि हिरवी जागा यांची माती एकत्र करू नका. दोन नमुने वेगळे द्या. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. टिकावानं खड्डा घेतलात, तर कडेची माती लाकडी खुंटीनं खरवडून टाका, नाहीतर टिकावाचंच लोह तपासणीत यायचं! खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नका.

पान आधी पाहा, माती तपासा, मगच पोतं फोडा.