कोरडे डोळे आणि लेन्सखालचे पाणी

(शहागंज येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. इतिहास व मराठी शिकविणारा एक शिक्षक आहे. तेव्हा डोळ्यांच्या आजारावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. अधिकार एवढाच की, या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक मला बरेच काही शिकवून गेली.

नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. फळ्यावरील ३ चा तो ८ करी, सनावळ्या चुकवी आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावे. मी त्याला दोनदा उभे केले, एकदा वर्गाबाहेर काढले. चष्मा तर त्याला होताच, म्हणून दिसत नसेल ही शंकाच माझ्या मनाला शिवली नाही. पुढे त्याचे वडील भेटले. ते शहागंजात फळांची गाडी लावतात. म्हणाले, "सर, हर छह महिने को नंबर बदल रहा है. अब पढ़ के क्या करेगा? गाडी पे बैठ जाएगा." मुलाने वर्षभरात तिसरा चष्मा मागितला नव्हता, कारण तो मागितला तर शाळा सुटेल याची त्याला धास्ती होती. पोरगे मुकाट्याने माझी शिक्षा सोसत राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावर त्याच्या डोळ्याचा नकाशा काढला. विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला पारपटल म्हणतो, तो डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. या विकाराला केरॅटोकोनस म्हणतात. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. वाकड्या झालेल्या आरशात जसे तोंड वेडेवाकडे दिसते, तसे या डोळ्याला जग दिसते. चष्म्याची काच कितीही बदला, पडद्याचा वेडावाकडा आकार काचेने सुधारत नाही.

हा आजार दुर्मीळ आहे अशी समजूत होती. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे ५४ रुग्ण आढळले. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक माणसे तपासली गेली. त्या पाहणीचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पारपटलाच्या वक्रतेच्या मापावर तेथे शंभरात दोघांहून अधिक निघाले. ते माप फार सढळ होते असे काही तज्ज्ञ म्हणतात. तसे मानले तरी हा आजार आपल्यासाठी परका नाही, हे उघड आहे.

कारणे एकापेक्षा अधिक आहेत. घराण्यात असू शकतो. जवळच्या नात्यातील विवाहांतून झालेल्या मुलांत तो अधिक आढळल्याचेही अभ्यास आहेत, आणि हे आपल्या समाजात कोणी तरी स्पष्टपणे बोलावयास हवे. पण जे आपल्या हातात आहे ते कारण म्हणजे डोळे चोळणे. आपल्याकडे उन्हाळा कडक, हवा कोरडी, धूळ भरपूर. मुलांना, विशेषतः मुलग्यांना, डोळ्यांची ॲलर्जी होते, खाज सुटते, आणि मुठी वळून तासन् तास चोळणे चालते. आई म्हणते, झोप आली असेल. शिक्षक म्हणतो, लक्ष नाही. आणि वडील औषधाच्या दुकानातून मागच्याच थेंबांची बाटली पुन्हा आणतात. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीविना महिनोन् महिने घातले, तर काचबिंदू होऊन दृष्टी जाऊ शकते. खाज थांबविण्याचे दुसरे उपाय आहेत, ते विचारावेत.

त्या मुलाचा आजार वाढत होता म्हणून प्रथम तो थोपविण्याचा उपचार झाला. यात बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडतात व पारपटल घट्ट करतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हा उपचार विकसित झाला. याने आजार थांबतो, पण आकार पूर्ववत होत नाही. स्वच्छ दिसण्यासाठी लेन्स लागतेच. त्याला लहान, कडक लेन्स देण्यात आली, आणि खरी अडचण येथूनच सुरू झाली. त्याचे डोळे कोरडे होते.

कोरडे म्हणजे काय? आपल्या डोळ्यांवर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून तेल येते, अश्रुग्रंथीतून पाणी येते, आणि डोळ्याला चिकटून राहणारा चिकट द्रव खाली असतो. मलिक अंबरची नहर आपण शाळेत शिकवतो. उगमापासून हौदापर्यंत एकही ठिकाणी गळती झाली तर शहराचे पाणी तुटे. येथेही तसेच आहे. तेल कमी पडले तर पाणी उडून जाते, पाणीच कमी आले तर तेलाचा उपयोग नाही. गंमत अशी की कोरड्या डोळ्यांतून पुष्कळदा घळाघळा पाणी वाहते, कारण जळजळ होते. म्हणून "पाणी येते म्हणजे डोळे कोरडे नाहीत" हे खरे नव्हे. डॉक्टर पापणीत कागदाची एक पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे मोजतात. आणि मुलांनो, मोबाईलकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप पुष्कळच कमी होते, हेही लक्षात असू द्या.

अशा डोळ्यांत ती लहान लेन्स टोचू लागली. धुळीचा कण खाली गेला की पोरगा कळवळे. एकदा मैदानावर ती उडून पडली. मऊ लेन्स कोरड्या डोळ्यांना सोपी असेल असे वाटते, पण ती स्वतःच पाणी शोषते आणि डोळे अधिक कोरडे पडतात. शिवाय आजार वाढलेला असेल तर तिने दिसतही नाही. डोळे कोरडे असतील तर लेन्सचा नादच सोडावा, असे आम्हांला चांगल्या चांगल्या माणसांनी सांगितले. वडिलांनी मुलासाठी गाडीवर जागा करून ठेवली होती.

येथे स्क्लेरल लेन्सची माहिती मिळाली. पारपटलाची रुंदी सुमारे साडेअकरा ते बारा मिलिमीटर. ही लेन्स त्याहून मोठी, साधारण पंधरा मिलिमीटर व त्यापुढे. ती पारपटलाला स्पर्श करीत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मध्ये घुमटासारखी उभी राहते. बसविण्यापूर्वी तिच्यात निर्जंतुक सलाइन भरतात. म्हणजे दिवसभर पारपटल पाण्यात असते, आणि वेडावाकडा आकार त्या पाण्याने भरून निघून दिसते स्वच्छ. ज्या कोरडेपणामुळे इतर लेन्स नाकारल्या जातात, त्याच कोरडेपणावर ही लेन्स दिली जाते. औषधाच्या विपरीत परिणामाने अंगावर व तोंडात फोड येऊन ज्यांचे डोळे कायमचे कोरडे पडतात, अशा स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराच्या रुग्णांनाही तिचा मोठा आधार होतो. (घरात कोणाला असे झाले असेल तर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून जवळ बाळगावे.)

कल्पना नवी नाही. झुरिकच्या अडोल्फ फिक यांनी १८८८ साली काचेच्या अशा लेन्सविषयी लिहिले. पण काचेतून हवा जात नसे, तास दोन तासांत डोळा कासावीस होई. प्राणवायू आरपार जाऊ देणारे प्लास्टिक आल्यावर, १९८० नंतर, ती पुन्हा उपयोगात आली. आपल्याला जवळ असलेल्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत अशा लेन्सचा विशेष विभाग आहे.

आम्ही रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेलो. लेन्स एका दिवसात मिळत नाही. नमुन्याच्या लेन्स घालून, काही तास बसवून ठेवून, खाली किती पाणी उरले ते पाहतात, मग बनवितात. दोन-तीन फेऱ्या झाल्या. खर्च हजारांत आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यातील काही भाग काही सज्जनांनी उचलला. जकातीतून अशी मदत करता येईल का, हे आलिमांना विचारून संस्थेने ठरवावे, ही माझी विनंती आहे.

आता रोजच्या वापराचे सांगतो, कारण प्रश्न तेथेच येतात. लेन्स बसविताना मान इतकी खाली वाकवावी लागते की तोंड जमिनीला समांतर व्हावे, नाहीतर पाणी सांडून हवेचा बुडबुडा अडकतो. पहिल्या आठवड्यात मुलाला पाऊण तास लागे. आता पाच मिनिटे. दुपारी कधी आतले पाणी गढूळ होते, तेव्हा काढून, धुऊन पुन्हा भरावी लागते. झोपण्यापूर्वी काढावयाचीच.

नळाचे, हौदाचे, बोअरचे पाणी लेन्सला लावू नये. अशा पाण्यातील एक सूक्ष्म जीव, अकँथअमीबा, पारपटल पोखरतो आणि त्यावर उपचार फार कठीण. मग वजूचे काय? लेन्स डोळ्यात असताना पापण्या मिटून तोंड धुवावे. वजूमध्ये डोळ्याच्या आत पाणी नेणे आवश्यक नाही. वजूनंतर हात कोरडे केल्याशिवाय लेन्सला हात लावू नये. रोज्यात थेंब घालता येतील का, असे एका मातेने विचारले होते. हनफी मताप्रमाणे डोळ्यांत औषध घातल्याने रोजा तुटत नाही. तरी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. सुरम्याबद्दल मी आदराने बोलतो. परंतु बाजारातील पुष्कळशा सुरम्यात शिसे आढळले आहे, आणि त्याची भुकटी लेन्सखाली गेली तर डोळा सोलवटतो. लेन्स वापरणाऱ्याने तो टाळावा. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसले, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लग्नासाठी दुकानातून रंगीत लेन्स आणून बहिणीबहिणींनी आळीपाळीने घालणे हा प्रकार तर आजच बंद करावा.

आणखी एक. लेन्सने आजार बरा होत नाही. ती काढली की त्या मुलाला पुन्हा तसेच दिसते. पण लेन्स घालून त्याने तक्त्यावरील शेवटून दुसरी ओळ वाचली, तेव्हा वडील तेथेच खुर्चीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो आता दहावीत आहे. सनावळ्या अजून चुकवतो. पण तो दोष आता डोळ्यांचा नाही, म्हणून त्याला रागावण्याचा माझा हक्क परत आला आहे.

शाळेत आम्ही तक्ता आणला आहे. सहा मीटरवरून, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, अशी प्रत्येक मुलाची तपासणी येत्या शनिवारपासून पाचवीच्या वर्गाने सुरू होईल. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचून घेतले तर चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. ज्या मुलाचा नंबर वर्षात दोनदा बदलला आहे, त्याचे जुने चष्मे टाकू नका. ते सोबत पाठवा.