नगराच्या कारभारात मुलांचा शब्द



नगररचनेची पदवी आमच्यापाशी नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे; जे शिकलो ते संघाच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळून. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो त्याला आधी विचारावे, एवढे तत्त्व मात्र तेथे पक्के झाले.

जानेवारी 2018 मध्ये अकोल्याची मोर्णा नदी साफ करण्यास हजारो लोक उतरले. त्यांत विद्यार्थीही होते. जलकुंभी ओढताना ते कोणाला लहान वाटले नाहीत. पण रस्ता कोठून न्यावा, मैदान कोठे राखावे, हे ठरविण्याची वेळ आली की आपल्या वऱ्हाडातले हेच पोट्टे लहान ठरतात. "त्यांना काय समजते?" असे म्हणतात. हे वाक्य आमच्या ओळखीचे आहे. मालकवर्ग कामगारांविषयी हेच म्हणत असे.

आता कायदा पाहा. महाराष्ट्राचा नगररचना कायदा 1966 चा. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की कोणत्याही व्यक्तीला लेखी सूचना वा हरकत देता येते. तेथे वयाची अट घातलेली नाही. योजना साधारण वीस वर्षांची. म्हणजे आज दहा वर्षांची असलेली मुलगी तिशीपर्यंत तिच्यातच राहणार. शिवाय कलम 127 आहे. मैदानासाठी राखलेली खाजगी जागा दहा वर्षांत घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढील दोन वर्षांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण सुटते. सहा वर्षांच्या मुलासाठी राखलेले मैदान, तो अठराचा मतदार होतो तोवर हातचे गेलेले असू शकते!

मुलांचे मत विचारात घ्यावे, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात आहे. भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. इटलीतील फानो गावाने तर 1991 पासून मुलांना सोबत घेऊन नगराचा विचार आरंभिला.

परंतु एक इशारा देतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत मालक-कामगारांच्या समित्या आणल्या. आम्ही अशा समित्यांत बसलो आहोत. पिण्याच्या पाण्यावर आणि कँटीनवर चर्चा होई. मोठे निर्णय दुसऱ्याच खोलीत होत. मुलांची सभा भरवून, हार घालून, छायाचित्र काढून मोकळे होणे याच जातीचे आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अमरावतीची महानगरपालिका 1983 ची, अकोल्याची 2001 ची. दोन्हींनी पुढचा मसुदा शाळाशाळांत आणि वस्त्यावस्त्यांत, सोप्या मराठीत, नकाशासह न्यावा. शाळा सुटून गॅरेजात काम करणाऱ्या पोरांनाही गाठावे. त्यांच्या सूचना लेखी घ्याव्या, आणि प्रत्येक सूचनेला मान्य की अमान्य, अमान्य तर का, असे लेखी उत्तर द्यावे. उत्तर मागण्याचा हक्क मिळाला म्हणजे शब्दाला वजन येते. कामगारांना तो मिळण्यास पिढ्या लागल्या. मुलांजवळ तेवढा वेळ नाही. त्यांचे बालपण बारा वर्षे थांबत नाही.