रेषेचा सराव आणि संगणकावरील सचेतनपट
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



संगणक आला आणि चित्रकाराला पेन्सिलीची गरज उरली नाही, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. महागडे साधन नाही म्हणून चित्रकलेची आवड असलेला ग्रामीण विद्यार्थी मागे सरतो, तो या समजामुळेच. वस्तुतः पडद्यावर रेखाटणाऱ्या कलावंताचे साधन बदलते. निरखून पाहण्याची शिस्त बदलत नाही.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याची वाढ कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. स्थिर चित्रे क्रमाने व वेगाने दाखविली की डोळ्यांना गती भासते. सचेतनपटाचे, अर्थात अ‍ॅनिमेशनचे, तत्त्वही हेच आहे.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक रेखाटन दोन चौकटींपुरते ठेवल्यास सेकंदाला १२ रेखाटने पुरतात. दहा सेकंदांना १२० लागतात. म्हणून नवशिक्याने उसळणाऱ्या चेंडूपासून आरंभ करावा. चेंडू वर जाताना मंदावतो, तेथे रेखाटने जवळजवळ येतात. खाली येताना वेग वाढतो, तेथे ती दूरदूर पडतात. अंतरे सारखी ठेवली तर चेंडू दोरीने ओढल्यासारखा दिसतो. ही चूक मैदानावरचा चेंडू निरखलेल्या डोळ्यालाच उमगते.

या अभ्यासास खर्च फारसा नाही. वहीच्या कोपऱ्यांवर क्रमाने चित्रे काढून पाने भरभर उलटली, तरी पहिला सचेतनपट तयार होतो. पुढे शाळेतील संगणकावर क्रिटा, पेन्सिल टूडी किंवा ब्लेंडर या विनामूल्य आज्ञावली वापरता येतात. मात्र त्याआधी रोज पंधरा मिनिटे बैलाची चाल, घागर उचलणारी स्त्री, झाडावरून उडणारा पक्षी यांची झटपट रेखाटने व्हावयास हवीत. ती सुबक नसली तरी चालतील. त्यांत हालचाल पकडलेली असावी.

शिक्षकांनी या सरावास वेळापत्रकात स्थान द्यावे. पंचायतीने शाळेचा संगणक सुट्टीच्या दिवशीही मुलांना उपलब्ध करून द्यावा. एवढे झाले तरी, साधनाअभावी थांबू पाहणारा एखादा हात रेखाटत राहील.