होडीचे मशीन मध्येच का थांबते?

मंडळी, जुने मशीन सुरू होते, थोडे चालते आणि नेमके खाडीच्या मुखाशी बंद पडते. ओहोटी असली तर होडी बाहेर ओढली जाते. म्हणून दोष किनाऱ्यावरच शोधावा.

आम्ही जन्मभर खडू धरला, पण घरची होडी आहे. आम्ही आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघतो. तो बंद असला तर आत हवा जात नाही. मग पेट्रोल पुढे येणार कसे? स्क्रू सैल करताच मशीन नीट चालले, तर दोष तिथेच! कारागिराचे पैसे वाचले.

नाही तर थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. त्यात पाणी असेल तर ते तळाला बसते. जवळ विडी मात्र नको. प्लग काळा, ओला असेल तर पुसा.

मागची पाण्याची धार थांबली, तर मशीन लगेच बंद करा. पुष्कळदा खालच्या जाळीला पिशवी चिकटलेली असते.