गवती चहाचा अर्क आणि सोन्याचे सूक्ष्मकण
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



माझी प्रयोगशाळा बंगळुरूनजीकच्या आनेकल तालुक्यात आहे. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यातल्या. तेथील चंदापूर तलावाचे प्रदूषणापासून रक्षण झाले नाही, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०२२ मध्ये कर्नाटक शासनावर ५०० कोटी रुपयांची भरपाई बसवली. तेव्हा रसायनशास्त्राविषयी बोलताना सांडपाण्यापासून आरंभ करणेच उचित.

उत्प्रेरक म्हणजे विक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. धातूच्या उत्प्रेरकाचे सारे काम त्याच्या पृष्ठभागावर चालते. एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो! सोने तेवढेच, काम करणारी जागा मात्र दहा लाख पट. (हे गणित विद्यार्थ्यांनी घरी अवश्य करून पाहावे.) पिढ्यानपिढ्या न काळवंडणारे सोने असे सूक्ष्म झाले, की कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूचे अत्यल्प तापमानातही ऑक्सिडीकरण घडवून आणते, हे जपानच्या मासातके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले.

असे कण करण्यासाठी धातूच्या क्षाराचे क्षपण करावे लागते. त्यासाठी हायड्रॅझिनसारखी विषारी रसायने वापरण्याचा प्रघात होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. बुरशी, जिरॅनियमची पाने, कडुनिंब असे प्रयोग झाले आणि २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे चपटे, त्रिकोणी सूक्ष्मकण मिळाले. आपण पावसाळ्यात चहाच्या आधणात टाकतो, तेच हे गवत. पानांतील शर्करा सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवतात. इतर रेणू कणांभोवती लपेटून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत.

तथापि पान वापरले म्हणजे सारे निर्मळ झाले, असे मानण्याची अलीकडे जी चाल पडली आहे, ती मला मान्य नाही. श्रावणातले पान आणि वैशाखातले पान सारखे नसते. त्यामुळे कणांचे आकारमान बदलते. कणांना सांभाळणारे आवरणच पुष्कळदा उत्प्रेरकाचा पृष्ठभाग झाकते. शिवाय अशा कणांची परीक्षा बहुधा नायट्रोफिनॉलवर होते. त्याचा पिवळा रंग काही मिनिटांत नाहीसा होतो, पाहणारा प्रसन्न होतो; परंतु त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड भरपूर घालावे लागते, ते कोणी मोजत नाही. चांदीचे कण पाण्यात निसटले, तर तेथील उपयुक्त जिवाणूंनाही ते घातक ठरतात.

म्हणून आम्ही कण मोकळे न सोडता लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर बसवतो. विक्रिया संपली, की बाहेरून चुंबक लावायचा. उत्प्रेरक भांड्याच्या भिंतीशी गोळा होतो आणि पुन्हा वापरता येतो. प्रत्येक फेरीनंतर उरलेल्या पाण्यात किती धातू गेला, हे आम्ही तपासतो. तो आकडा अद्याप शून्यावर आलेला नाही.